दहा वर्षांत एकच प्रश्न

आज जरा स्पष्ट बोलते. शिक्षक मित्रमैत्रिणींना राग आला तर येऊ द्या, मीही त्यातलीच आहे.

दहावीला इंग्रजीत सत्तर-पंच्याहत्तर मार्क मिळवलेल्या कुठल्याही मराठी माध्यमाच्या मुलाला एक साधं काम सांगून बघा. म्हणावं, हे समोर बसलेले काका कुठे काम करतात, ते त्यांनाच इंग्रजीत विचार. कानावर काय येतं? ‘व्हेअर यू वर्क?’ किंवा ‘व्हेअर यू आर वर्किंग?’ मूल जास्तच घाबरलं असेल तर नुसतं ‘युवर जॉब?’ आता त्याच मुलाच्या हातात कागद द्या. वर लिहा, ‘ही वर्क्स इन अ बँक’. खाली सूचना लिहा की ‘इन अ बँक’ला धरून प्रश्न तयार करा. तेच मूल खाली मान घालून लिहील, ‘व्हेअर डज ही वर्क?’ पूर्ण बरोबर. एक मार्क.

म्हणजे नियम माहीत आहे, तोंडात नाही. आणि आपण सगळे, म्हणजे शाळा, बोर्ड, पालक, क्लासवाले, त्या कागदावरच्या एका मार्काला इंग्रजी म्हणतो.

गेली अकरा वर्षं मी तालुक्याच्या गावात संध्याकाळी इंग्रजी शिकवते. आयटीआयची पोरं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, पोलीस भरतीची तयारी करणारे येतात, दुकान सांभाळणाऱ्या दोन-तीन बायकाही येतात. यातल्या कुणालाच ‘इंग्रजी येत नाही’ असं म्हणता येणार नाही. शब्द भरपूर आहेत. मोबाईलवर सगळं वाचतात. बाराच्या बारा काळांचा तक्ता घडाघडा म्हणतात, ‘सब्जेक्ट प्लस हॅड प्लस व्ही थ्री’, अगदी पाढ्यासारखा. अडतात कुठे? प्रश्न विचारताना आणि ‘नाही’ म्हणताना. या दोन ठिकाणी इंग्रजी वाक्याला सहायक क्रियापद लागतं आणि ते ठरलेल्या जागीच लागतं. इंग्रजीची सगळी गोम तिथे आहे आणि नेमकी तीच आपण पोरांच्या जिभेवर कधी चढू दिली नाही.

यावर लगेच ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, मराठी माध्यम ना, त्याचाच परिणाम.’ हे मला अजिबात मान्य नाही आणि का मान्य नाही ते सांगते.

मराठीत आपण ‘बैलाने पाटलाला ढकललं’ म्हणतो, ‘पाटलाला बैलाने ढकललं’ असंही म्हणतो. कुणी कुणाला ढकललं याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटून बसलेत, शब्द कुठेही न्या. इंग्रजीने असले प्रत्यय कधीच टाकून दिले. तिथे शब्दाची जागा हाच प्रत्यय. ‘द पाटील पुश्ड द बुल’ म्हटलं की बैलच पडला. प्रश्नाचंही तसंच. आपण ‘तू जेवलास’च्या शेवटी ‘का’ लावतो, विदर्भात ‘काय’ लावतात, काम झालं. वाक्याचा एक शब्द हलवावा लागत नाही. इंग्रजीत शेवटी लावायला असं काही नाही, म्हणून सहायक क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे न्यावं लागतं. ‘यू आर कमिंग’चं ‘आर यू कमिंग’. एवढाच फरक आहे. सातवीच्या मुलाला दोन तासांत समजतो. तो कुणी सांगतच नाही, कारण इंग्रजीच्या तासाला मराठीचं नाव काढणं म्हणजे जणू गुन्हा.

आणि सहायक क्रियापद ही काही साहेबाने आणलेली नवलाई नव्हे. आपल्याकडे ती ढिगाने आहेत. ‘ती शिकवत असणार’ हे वाक्य घ्या. ‘शिकवत’ म्हणजे ‘टीचिंग’, ‘अस’ म्हणजे ‘बी’, ‘णार’ म्हणजे ‘विल’. आता उलटीकडून वाचा: ‘विल बी टीचिंग’. ‘ते काम केलं गेलं असेल’ घ्या. उलटीकडून: असेल, गेलं, केलं. ‘विल हॅव बीन डन’. आरशात धरल्यासारखं जुळतं. ‘जाऊ शकतो’चं ‘कॅन गो’, ‘जायला हवं’चं ‘शुड गो’. मराठी मुख्य क्रियापद आधी ठेवते आणि मदतनीस मागे लावते, इंग्रजी मदतनीस पुढे पाठवते. हे एकदा फळ्यावर दाखवलं की वर्गात जो आवाज होतो ना, ‘अर्रर्र, एवढंच होय!’, तो ऐकायला मी रोज संध्याकाळी तिथे जाते. कर्मणी प्रयोग पाचव्या प्रयत्नातही न जमलेली पोरं दहा मिनिटांत वाक्यं करायला लागतात. मराठी त्यांच्या वाटेत कुठे आडवी आली? मराठीच तर हात धरून नेत होती, आपण तो हात सोडवला.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११चं. आपल्याकडे दोन्ही भाषा शेजारी ठेवून विचार करायची परंपरा किती जुनी आहे बघा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि कचेऱ्या चालवल्या. त्या पद्धतीत दोष होते. बोलणं जवळजवळ नव्हतंच. पण मुलाला मराठी येते हे तरी ती पुस्तकं धरून चालत. आजची पुस्तकं धरून चालतात की मूल कोऱ्या पाटीचं आहे. (जाता जाता, आपण मराठीत वापरतो ते प्रश्नचिन्हसुद्धा इंग्रजीकडून आलंय. मेजर कँडीने विरामचिन्हं मराठीत रुळवली. प्रश्नाची खूण घेतली, प्रश्नाचा सराव घ्यायचा राहिला.)

आता खरं अवघड काय, ते ‘डू’. ‘शी लिव्ह्ज इन कोल्हापूर’. इथे पुढे न्यायला सहायक क्रियापदच नाही. मग इंग्रजी काय करते? रोजंदारीवर एक गडी आणते. तो गडी म्हणजे ‘डू’. त्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त ओझं वाहायला आलाय. ‘लिव्ह्ज’च्या डोक्यावरचा ‘एस’ तो आपल्या डोक्यावर घेतो आणि ‘डज’ होतो, ‘लिव्ह’ मोकळं होतं: ‘डज शी लिव्ह’. भूतकाळाचं ओझं असेल तर ते घेऊन ‘डिड’ होतो. म्हणून ‘डिड यू वेन्ट’ चूक, कारण एकच पोतं दोघांच्या डोक्यावर ठेवलं. मराठीतही ‘तो जात नव्हता’ म्हणताना भूतकाळ ‘नव्हता’नेच उचललाय, ‘जात’ आपलं जसंच्या तसं. गंमत म्हणजे साहेबाच्या भाषेतसुद्धा हा गडी पूर्वीपासून नव्हता. चार-पाचशे वर्षांपूर्वी ‘लिव्ह यू हिअर?’ अशा धर्तीचे प्रश्न तिथे सर्रास विचारले जात. ‘डू’ नंतर हळूहळू बसला. म्हणजे त्यांनाही तो सरावानेच अंगवळणी पडला, आमच्या पोरांना तो सूत्राने यावा ही अपेक्षा कशी?

सरावाने येतं याचा पुरावा हवाय? महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या वर्गाबाहेर उभे राहा. उशिरा आलेलं पोर दारात थांबून काय म्हणतं? ‘मे आय कम इन, टीचर?’ बरोबर ना? ‘मे’ पुढे, ‘आय’ मागे, तंतोतंत. ‘आय मे कम इन?’ असं म्हणणारं एक पोर मला अजून भेटायचंय. इंग्रजीत नापास होणारं मूलही हे चुकत नाही. त्याला ‘मोडल ऑक्झिलरी’ विचारा, माहीत नाही. प्रश्नात कर्ता आणि सहायक क्रियापदाची अदलाबदल होते हे विचारा, माहीत नाही. तरी वाक्य चोख. कारण ते त्याने खऱ्या गरजेपोटी हजार वेळा मोठ्याने म्हटलंय आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळालंय.

आता याची दुसरी बाजू बघा आणि मला सांगा, झोप लागते का. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिली ते दहावी, दहा वर्षं. या दहा वर्षांत आमच्या मुलाने इंग्रजीत स्वतःहून विचारलेला प्रश्न एकच: आत येऊ का? दुसरा फार तर, बाहेर जाऊ का? बाकी सगळे प्रश्न शिक्षकाने विचारायचे, पुस्तकाने विचारायचे, कृतिपत्रिकेने विचारायचे. मुलाने उत्तर द्यायचं. तेही पाठ केलेलं. दहा वर्षं परवानगी मागायला शिकवलेलं मूल मुलाखतीला गेल्यावर ‘डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?’ला ‘नो सर’ म्हणतं, मग आपण त्याला आत्मविश्वास नाही म्हणतो. आत्मविश्वास बाजूला ठेवा. त्याने पगार विचारायचा कसा? ‘व्हॉट वुड द सॅलरी बी?’ यातलं ‘वुड’ पुढे न्यायचा सराव त्याला दिला कुणी?

हे फक्त चुकीच्या-बरोबरचं प्रकरण असतं तर मी एवढी पोस्ट लिहिली नसती. माणसाचा मान त्यात अडकलाय. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’. आपल्याला ‘प्लीज’ची गरजच पडत नाही. इंग्रजीत तो आदर सहायक क्रियापदातून जातो: ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘मे आय’. ते ज्याच्या जिभेवर नाही, तो मुलगा साहेबांसमोर हात जोडून, मान खाली घालून म्हणतो, ‘सर, आय वॉन्ट टू डेज लीव्ह.’ मनात त्याच्या ‘सर, दोन दिवस रजा मिळेल का’ असतं. साहेबाला ऐकू येते मागणी. उद्धट आहे, असा शेरा बसतो. उद्धट नाही हो तो, त्याला ‘कुड आय हॅव’ कुणी म्हणायला लावलेलं नाही.

नर्सिंगच्या मुलींबाबत तर याहून गंभीर आहे. आपण मराठीत विचारतो, ‘गोळी घेतली नाही का?’ आणि समोरचा म्हणतो, ‘हो, नाही घेतली.’ आपलं ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला असतं. इंग्रजीत ‘डिडन्ट यू टेक द टॅब्लेट?’ला ‘यस’ म्हटलं की अर्थ होतो, घेतली. घेतली नसेल तर ‘नो, आय डिडन्ट’. आता हीच मुलगी उद्या दुबईला, लंडनला, नाहीतर पुण्यातल्याच एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात जाते. वॉर्डात डॉक्टर असा नकारी प्रश्न विचारतात आणि ती मराठीच्या सवयीने ‘यस’ म्हणते. पुढचं मी लिहीत नाही. या एका ‘यस’-‘नो’वर माझ्या वर्गात तीन संध्याकाळी जातात, आणि मला त्यातलं एक मिनिटही वाया गेलं असं वाटत नाही. बोर्डाच्या परीक्षेत यावर एक मार्क नाही. तिथे ‘नो सूनर दॅन’ वापरून वाक्य पुन्हा लिहायचं असतं. ‘टू’ काढून ‘सो दॅट’ घालायचं असतं. कोण बोलतं हो ‘नो सूनर दॅन’? गेल्या वर्षभरात तुम्ही एकदा तरी म्हणालात?

आता मार्कांचंच निघालंय तर २०१९ आठवा. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क त्या वर्षी काढून टाकले होते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. केवढी ओरड झाली! संस्थाचालक बोलले, पालक बोलले, आमदार बोलले. २० मार्क परत आले. परत आले हे ठीकच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात ‘अरे, तोंडी परीक्षेत पोरं बोलतात तरी का?’ असं विचारणारा मला तरी कुणी दिसला नाही. तोंडी परीक्षा कशी होते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नाव विचारायचं, एक उतारा वाचून घ्यायचा, अठरा द्यायचे. भांडलो ते मार्कांसाठी, तोंडासाठी नाही.

२०२५ला पुन्हा तेच. पहिलीपासून हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये आला, मोर्च्यांची तयारी झाली, जूनच्या अखेरीस सरकारला तो मागे घ्यावा लागला. मीही त्या विरोधात होते, आजही आहे. पण कुठली भाषा कितवीपासून यावर आपण रस्त्यावर यायला तयार असतो, कशी शिकवायची हे मात्र कुणाच्याच अजेंड्यावर नसतं. ‘असर’चा २०२२चा अहवाल सांगतो, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता येतात. २०१६ला हा आकडा २४.७ होता. सहा वर्षं, मधे करोना, एक नवं शैक्षणिक धोरण, आणि आकडा आहे तिथेच. हे नुसत्या वाचण्याचं झालं, बोलणं तर कुणी मोजतही नाही.

मग पालक काय करतात? पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना मी दोष देत नाही, भीती खरी आहे. पण गावोगावच्या त्या इंग्रजी शाळांत जाऊन बघा. तिथेही प्रश्न शिक्षकच विचारतो आणि मुलं सुरात ‘येस टीचर’ म्हणतात. फरक इतकाच की इथे विज्ञानही समजत नाही. आणि शेवटी दोन्हीकडची पोरं पोहोचतात एकाच ठिकाणी, साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला. हजारोंनी फी. माझ्याकडची एक मुलगी असा एक कोर्स पूर्ण करून आली होती. तिच्याकडे स्पायरल बाइंडिंगची जाड वही होती, पाचशे ‘डेली यूज’ वाक्यं. तिला पाचशेही पाठ होती. त्या यादीत नसलेलं पाचशे एकावं वाक्य मात्र तिला करता येत नव्हतं.

दुसऱ्या टोकाला आमचे शहरी सुधारक. ‘व्याकरण वगैरे सोडा हो, चुकलं तरी बोलू द्या, कम्युनिकेशन महत्त्वाचं.’ हे म्हणणाऱ्याच्या घरी जेवायच्या टेबलावर इंग्रजी असतं. त्याच्या मुलीच्या कानावर ‘डिड यू फिनिश युवर होमवर्क?’ दिवसातून दहा वेळा पडतं. तिला व्याकरण शिकवायची गरजच नाही, ते भाजी-पोळीबरोबर पोटात जातं. आमच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या कानावर ते फक्त शाळेत पडू शकतं. तिथेही ‘सोडा हो’ म्हणालात तर तिने ते आणायचं कुठून? बंगळुरू-मद्रासकडे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभूंनी प्रयोग केला, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून. पण त्यांनी मुलांसमोर रेल्वेची वेळापत्रकं ठेवली, नकाशे ठेवले, कोडी घातली, वर्गभर त्यावर इंग्रजीत डोकं चालवायला लावलं. आपण त्यातलं ‘व्याकरण बाजूला’ एवढंच उचललं. वेळापत्रक नाही, नकाशा नाही.

उच्चाराचं किंवा भारतीय ढंगाचं सोवळं मी पाळत नाही, हेही सांगून ठेवते. ‘यू आर कमिंग, नो?’ म्हणा, खुशाल म्हणा. नुसत्या आवाजाच्या चढावर ‘यू आर कमिंग?’ विचारणं तर इंग्रजसुद्धा करतो. माझं म्हणणं एवढंच की त्याला दुसरंही येतं, तो निवडतो. आमच्या पोराला निवडायला काही नाही.

करायचं काय, तर खर्च शून्य रुपये आहे. रोज इंग्रजीच्या तासातली पहिली दहा मिनिटं. एका आठवड्याला एकच साचा: ‘डू यू हॅव’. मुलांनी मुलांना विचारायचं, शिक्षकाने गप्प बसायचं. अट एक: ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तेच विचारायचं. ‘डू यू हॅव अ गोट?’ ‘डू यू हॅव टू मोबाईल्स?’ ‘डू यू हॅव अ गर्लफ्रेंड?’ हे येणारच, येऊ द्या, सगळ्यात मोठ्या आवाजात तोच प्रश्न बरोबर विचारला जातो. पुढच्या आठवड्यात ‘डज युवर मदर’. मग ‘डिड यू’. शब्द बदलायचे, साचा तोच. हॅरॉल्ड पामरने असे तक्ते १९१६मध्येच पुस्तकरूपात छापले होते, मी काही नवीन शोध लावलेला नाही. मधे टोकायचं नाही. चूक कानाला लागली की पुढच्याला तोच प्रश्न आपण बरोबर विचारायचा, मुलं उचलतात. दोन महिन्यांनी ‘डू’ची रोजंदारी संपून तो घरातला होतो. (एक धोका मात्र आहे. मुलं मग ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द की’ असंही म्हणायला लागतात, म्हणजे नको तिथेही अदलाबदल. त्याची मी काळजी करत नाही. ज्याला अदलाबदल करता येते त्याला ती थांबवायला शिकवणं सोपं.)

आणि बोर्डाकडे माझी एकच मागणी आहे. ते २० मार्क आहेत ना तोंडी परीक्षेचे, त्यातले दहा विद्यार्थ्याने परीक्षकाला विचारलेल्या प्रश्नांना द्या. पाच प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. पाठ केलेले नकोत, समोर बसलेल्या माणसाबद्दलचे हवेत. सर कुठून आलात, किती वेळ लागला, चहा मिळाला का, किती वर्षं शिकवताय. परीक्षकाने खरी उत्तरं द्यायची, इंग्रजीत. आमच्यातल्या काहींना ही परीक्षा मुलांपेक्षा जड जाईल याची मला पूर्ण कल्पना आहे.